ळ संपले

ळ संपले. म्हणजे अक्षरशः संपले. सोळा पॉइंटच्या केसमध्ये, म्हणजे छापखान्यातल्या अक्षरांच्या पेटीत, ळ च्या खणात एकूण सात खिळे (छपाईची शिशाची अक्षरं) निघाले, त्यातल्या दोघांचं तोंड झिजून सपाट झालेलं, एकाचा अर्धा गोल उडालेला, म्हणजे वापरण्यासारखे राहिले चार. आणि माझ्या मजकुरात वेळ, सकाळी, स्थळ, मंडळी आणि जवळच्या, असे मोजून पाच. चिमटा हातात धरून मी दोन मिनिटं नुसता बघत राहिलो. चौदा वर्षं झाली सॉफ्टवेअरमध्ये, कीबोर्डवर ळ दाबला की ळ येतो, लाख वेळा दाबला तर लाख ळ येतात, अक्षर संपू शकतं हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

छापखान्यातले काका मागून म्हणाले, "मोजून का नाही घेतलेस आधी?"

थोडं मागे जाऊन सांगतो. मी नाशिकरोडचा, आता राहायला पाथर्डी फाट्याला, नोकरी पुण्याच्या एका कंपनीत पण घरून. दोन-अडीच वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीची पावती पुस्तकं छापायची होती आणि खजिनदार कोण तर मी (मीटिंगला उशिरा गेलं की असली पदं मिळतात). कॉलेज रोडच्या डीटीपीवाल्याने डिझाइन केलं, ऑफसेटला छापून आणलं आणि म्हणाला की नंबरिंग आणि फाडायची टिकली (भोकांची रेघ) मारायला गावात जावं लागेल, तिथे एक जुने काका आहेत. गाव म्हणजे जुनं नाशिक, रविवार कारंज्यावरून आत, सराफ बाजाराच्या बाजूला उतरत जाणाऱ्या गल्ल्यांमध्ये एका वाड्याच्या तळमजल्यावर. बाहेरूनच आवाज आला. खटक, मग एक उसासा टाकल्यासारखा आवाज, परत खटक. आत गेलो तर लोखंडाचं एक अजस्र धूड जबडा उघडत होतं आणि मिटत होतं आणि सत्तरीतला एक माणूस उजव्या हाताने कागद आत टाकतोय, डाव्या हाताने बाहेर काढतोय, तोंडाने कुणाशीतरी म्हशीच्या दुधाच्या भावावर बोलतोय. ट्रेडल मशीन. मी पावत्या ठेवल्या आणि दीड तास तिथेच उभा राहिलो. तिसऱ्या फेरीत विचारलं, शिकवाल का. ते म्हणाले, काय करणार शिकून? माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही तसं नाहीच.

पहिले तीन महिने त्यांनी मला एक ओळसुद्धा जुळवू दिली नाही. काम एकच, छापून झालेल्या मजकुराचे खिळे सोडवून परत आपापल्या खणात टाकायचे. क क च्या घरात, अर्धा क अर्ध्या क च्या घरात, रफार रफाराच्या घरात. आमच्याकडे नवीन जॉइन झालेल्या पोराला पहिले काही आठवडे नुसते छोटे छोटे बग देतात तसंच, पण हे त्याहून जास्त कंटाळवाणं आणि त्याहून जास्त उपयोगी, कारण त्यातून हाताला घर पाठ होतं. केसवर कुठेही अक्षरं लिहिलेली नाहीत. जास्त लागणारी अक्षरं हाताजवळच्या मोठ्या खणांत, कमी लागणारी लांब कोपऱ्यात. ङ कुठेतरी आकाशात. चुकीच्या घरात पडलेला खिळा पुढच्या माणसाला नडतो, आणि पुढचा माणूस म्हणजे परत मीच.

मग स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, हातात आली. स्टिक डाव्या हातात, खिळा उजव्या हाताने, खिळ्याच्या अंगावरची खाच बाहेरच्या बाजूला. ओळ डावीकडून उजवीकडेच जाते पण अक्षरं उलटी, डोक्यावर उभी. देवनागरी आपण नेहमी शिरोरेषेला लटकलेली बघतो ना, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी, इथे शिरोरेषा खाली येते आणि सगळी अक्षरं तिच्यावर पाय वर करून शीर्षासन करतात. पहिल्यांदा मी माझंच नाव जुळवलं आणि वाचताच येईना. आता येतं. रात्री झोपताना कधीकधी डोळ्यासमोर पाट्या उलट्या दिसतात, बायको म्हणते हे काही बरं लक्षण नाही.

इथे मला एक गोष्ट सांगायचीच आहे, नोकरीतली. आमचं प्रॉडक्ट बिलं, पावत्या, स्टेटमेंट अशा पीडीएफ बनवतं आणि एका ग्राहकाला त्या मराठीत हव्या होत्या. आमची जी लायब्ररी (तयार कोडचा संच) होती तिने असा काही चमत्कार केला की ‘किंमत’ मधली वेलांटी क च्या पुढे जाऊन बसली, ‘रक्कम’ मध्ये क चा पाय मोडलेला तसाच दिसायला लागला आणि ‘कुऱ्हाडे’ आडनावाच्या माणसाचं काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. कारण साधं आहे. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य ब्लॉकला जागा आहेत १२८. त्यात अर्धा क नाही, क्ष नाही, त्र नाही. तिथे फक्त क, हलन्त, ष असं एकापुढे एक ठेवलेलं असतं, आणि ते जोडून कसं दाखवायचं हे फॉन्ट आणि मधला एक शेपिंगचा प्रोग्राम ठरवतो. ह्रस्व वेलांटी आपण टाइप करतो व्यंजनानंतर, साठवलीही जाते नंतरच, पण दाखवताना आधी आणावी लागते. आमच्या लायब्ररीत हे मधलं कामच नव्हतं, जे आलं ते आलं तसं ओळीने मांडून मोकळी.

हे मी काकांना चहा पिताना सांगितलं, अगदी सोपं करून. ते ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे तुमच्या मशीनला जुळारी नाही."

इतकं नेमकं आमच्या आर्किटेक्टलासुद्धा सांगता आलं नव्हतं. खरंच की. छापखान्यात अर्धा क हा वेगळा खिळा, त्र हा वेगळा खिळा, ह्रस्व वेलांटी हात आधी उचलतो आणि मग व्यंजन. कुठलं जोडाक्षर अखंड आहे, कुठलं दोन तुकड्यांत जोडायचं, कुठल्या मात्रेखाली कुठला खिळा बसतो, हे सगळं जुळाऱ्याच्या, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या माणसाच्या, डोक्यात आणि बोटांत. इंग्रजीच्या जुळाऱ्याला छोटी मोठी अक्षरं, आकडे, चिन्हं धरून दोन पेट्यांत काम भागायचं, मराठीला शेकडो खिळे लागायचे. टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करायचा एवढा खटाटोप केला तो याच्यासाठी. आणि सावरकर, म्हणजे आपले इथले भगूरचेच, त्यांनी लिपिशुद्धीत अ ची बाराखडी आणली, अि अी अु अू असं, त्यामागेही छपाई आणि टंकलेखन सोपं व्हावं हाच हिशोब. शाळेत असताना एका जुन्या पुस्तकात ‘अेक’ असं छापलेलं बघून मी ती चूक समजलो होतो आणि पेनने दुरुस्त केलं होतं. लायब्ररीचं पुस्तक होतं, माफ करा.

आता वेळेचं. लोक विचारतात ना, कसं जमवतोस दोन्ही. जमवत नाही. सरळ चोरतो. सोमवार ते शुक्रवार साडेदहाचा स्टँडअप, मग मीटिंगा, संध्याकाळी सहानंतर परदेशातली टीम जागी होते म्हणून परत एक कॉल, आठ-साडेआठला लॅपटॉप बंद होतो असं म्हणायचं. छापखान्याला मिळतो शनिवार सकाळी आठ ते एक, आणि कधी बुधवारी सकाळी सात ते नऊ. हा वेळ कुणाच्या तरी वाट्यातून येतो, आकाशातून पडत नाही. शनिवारी मुलीला स्विमिंगला बायको नेते. भाजी बायको आणते. ती एकदाच बोलली, "तुझ्या छंदाचं भाडं मी भरते," आणि ते बरोबर होतं म्हणून रविवार सकाळचा स्वयंपाक आता माझ्याकडे आहे. पोहे सोडून इतरही काही करता येतं मला आता.

आणि दर चौथ्या आठवड्याला ऑन कॉल, म्हणजे काही बिघडलं की कधीही फोन उचलायचा. मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट, शनिवारी दहाच्या सुमाराला मी शाईची चकती पुसत होतो, हात कोपरापर्यंत काळे, रॉकेलचा वास, आणि फोन कोकलायला लागला. पेमेंटचं काहीतरी अडकलं होतं. आता फोन उघडायला बोटाचा ठसा, ठशावर शाई, फोन मला ओळखेना. पासवर्ड टाकायला गेलो तर स्क्रीन काळी. हात धुवायला वाड्याच्या मागच्या नळावर पळालो तर शनिवार, लाईट गेलेली, मोटर बंद, टाकीत पाणी नाही. शेवटी काकांनी रॉकेलची चिंधी दिली, मी नाकाच्या शेंड्याने पिन टाकला, आणि लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडून खिळ्यांच्या केसवर ठेवून क्वेरी मारली. चाळीस मिनिटं उशीर झाला. सोमवारी मॅनेजरने काही न बोलता कॅलेंडरमध्ये अर्ध्या तासाची मीटिंग टाकली, ज्यांना कळतं त्यांना कळलं असेल. तेव्हापासून ऑन कॉलच्या आठवड्यात छापखाना बंद, हा नियम.

गंमत म्हणजे त्या दिवशी लाईट नसताना मशीन मात्र चालू होतं. मोटर बसवलीय त्याला पण पट्टा काढला की पायाने चालतं, जड चाक एकदा फिरायला लागलं की थांबत नाही. काका एकीकडे पायाने शंभर पावत्या मारून मोकळे झाले आणि मी क्लाउडवर बसलेला माणूस हॉटस्पॉटची एक कांडी शोधत दारात उभा.

नाशिकमध्ये ‘प्रेस’ म्हटलं की कुणाला छापखाना आठवत नाही, आठवते ती नाशिकरोडची. सिक्युरिटी प्रेस १९२५ ची, नोटांची प्रेस १९२८ ची. आमच्या लहानपणी वर्गात चार पोरं सोडली की पाचव्याचा बाप, काका, मामा कुणीतरी प्रेसमध्ये. माझे बाबा पण. तिकिटं, स्टॅम्प पेपर, नोटा, सगळं या गावातून देशभर जातं आणि गावातल्या माणसाला त्यातलं काही सांगता येत नाही. बाबांनी घरी कधीच काही सांगितलं नाही, मशीन कसं असतं, शाई कशी असते, काही नाही. मित्र विचारायचे, तुझे बाबा नोटा छापतात मग तुला सायकल का नाही. माझ्याकडे त्याचंही उत्तर नव्हतं. मी छापखान्यात जातो हे कळल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "एवढी हौस होती तर आधी सांगायचं, प्रेसमध्येच चिकटवला असता. पेन्शन तरी मिळाली असती."

आणि या गावाचा छपाईशी संबंध तेवढाच नाही. फाळके त्र्यंबकेश्वरचे, १८७० चा जन्म, ते सगळ्यांना माहीत आहेत सिनेमासाठी, पांडवलेण्याखाली स्मारक आहे, सहलीला नेतात. पण कॅमेऱ्याच्या आधी माणूस छपाईत होता. पुरातत्त्व खात्यातली सरकारी नोकरी सोडून ब्लॉक आणि छपाईचा धंदा काढला, राजा रविवर्म्याच्या प्रेससाठी काम केलं, रंगीत छपाईच्या मागे १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले, आणि मग भागीदारांशी फाटलं म्हणून ते सगळं सोडलं. सरकारी नोकरी, छपाई, सिनेमा. आमच्या घरात हे सांगितलं असतं तर पहिल्याच वाक्याला ताट वाढायचं बंद झालं असतं.

मला नोकरी सोडायची नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण मित्रांचा पहिला सल्ला नोकरी सोडण्याचाच. दुसरा सल्ला इन्स्टाग्राम. लग्नपत्रिका छाप, जाड सुती कागद, अक्षरं खोल दाबलेली, हाताने बनवलेलं, शंभर पत्रिकांना एवढे हजार. मी तसल्या पत्रिकेचा एक नमुना काकांना दाखवला होता, बोट फिरवलं की अक्षराचा खड्डा लागतो, मला फार आवडला होता. त्यांनी पहिलं काय केलं तर कागद उलटा करून मागची बाजू बघितली. मागे सगळं उमटलेलं. म्हणाले, "पॅकिंग जास्त झालंय. खिळे खाल्ले याने." (पॅकिंग म्हणजे छापताना कागदाच्या मागे घालायचे थर.) त्यांच्या उमेदीत मागे उमटलं तर मालक पगारातून कापायचा. खिळा म्हणजे शिसं, थोडं अँटिमनी, थोडं कथील, मऊच जात ती, जोरात दाबली की अक्षराच्या कडा मरतात. चांगला छापणारा कोण, तर ज्याच्या कागदाला शाई लागते आणि खिळ्याला कळत पण नाही. फॉर्मा (जुळवलेल्या मजकुराची चौकट) लॉक केला की कमी उठणाऱ्या अक्षराच्या मागे पातळ कागदाची चिकटी लावायची, परत एक प्रूफ, परत एक चिकटी, यात दीड तास सहज जातो. आणि आता खड्डा हीच कारागिरी म्हणून विकली जातेय. मी तो खड्डा विकायला लागलो तर काकांचे सात ळ सहा महिन्यात शून्य होतील, आणि नवे ओतून देणारं मला आसपास कुणी सापडलेलं नाही. माझा पगार येतो म्हणून मला हळू आणि वाईट छापता येतं, एक शनिवार चार ओळींवर घालवता येतो. पगार नसता तर मी पण खड्डेच मारत बसलो असतो.

शिशाचं म्हणून सांगतो, हात साबणाने धुतल्याशिवाय चहाचा कप उचलायचा नाही आणि छापखान्याचे कपडे घरी वेगळे धुवायचे, हा बायकोचा नियम आणि तो योग्य आहे. काका हसतात, पण त्यांच्या बरोबरीचे जुळारी तंबाखू मळून त्याच हाताने तोंडात टाकायचे हे तेच सांगतात.

मला वाटायचं दोन डगरींवर पाय ठेवणारा मी एकटाच. एकदा पावसात गल्लीत पाणी भरलं म्हणून अडकलो होतो (२०१६ च्या पुरात इथे आतपर्यंत गोदावरी आली होती, खालच्या केस फुगून बसल्यात अजून, ड्रॉवर ओढताना दोघं लागतात), तेव्हा कपाटावरून काकांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक वही काढली. चौकोनी पानं, निळ्या शाईत, सुंदर अक्षरात: फाईल मध्ये जाणे, न्यू वर क्लिक करणे, पानाचे माप देणे. पेजमेकर या डीटीपीच्या सॉफ्टवेअरच्या क्लासची वही. साल १९९५. दिवसा दहा तास खिळे जुळवायचे आणि रात्री आठ ते दहा कॉलेज रोडला कॉम्प्युटर क्लास, वय चाळीसच्या पुढे, वर्गात सगळी बारावीची पोरं. कीबोर्डचा तक्ता त्यांनी हाताने काढलेला होता, प्रत्येक बटणाच्या चौकोनात मराठी अक्षर, आणि त्याखाली आपल्या केसमधल्या घराचा नंबर. म्हणजे ळ कुठल्या बटणावर आणि ळ कुठल्या खणात, शेजारी शेजारी. मी तो तक्ता कितीतरी वेळ बघत होतो. आमच्या भाषेत याला मायग्रेशन म्हणतात आणि त्याला सहा जणांची टीम असते.

"मग जमलं का?" मी विचारलं.

"जमलं ना. चार वर्षं डीटीपी केलं. मग डोळे गेले." मोतीबिंदू. मग परत नंबरिंग, परफोरेशन, बॉक्सचं क्रीजिंग, जे ऑफसेटवाल्यांना नको असतं ते सगळं या मशीनवर. तेवढ्यावर आज चाललंय. थोड्या वेळाने म्हणाले, "तू शिकतोस ते वेगळं. तुला नाही आलं तर काय बिघडतंय? मला नाही आलं असतं तर पोरीचं लग्न अडलं असतं." रागाने नाही म्हणाले, रोलर पुसता पुसता. मी काही बोललो नाही. त्यानंतरचे दोन शनिवार मी गेलोच नाही, कामाचं कारण सांगितलं. तिसऱ्या शनिवारी त्यांचाच फोन आला, नंबरिंगचं मोठं काम आलंय, ये, माणूस हवाय. त्या दिवशी पाच तास नुसत्या पावत्या ओढल्या. जाताना त्यांनी दोनशे रुपये हातात ठेवले. घेतले. ते अजून पाकिटात वेगळ्या कप्प्यात आहेत.

तर ळ. बाबांना पंचाहत्तर पूर्ण होतायत, त्याचं निमंत्रण. साठ प्रती, घरच्यांसाठी आणि त्यांच्या प्रेसमधल्या मित्रांसाठी. मी म्हटलं, काका, पाचवा ळ कुठून आणू? पूर्वी म्हणे पोऱ्याला शेजारच्या छापखान्यात पाठवायचे, चार ळ दे संध्याकाळी परत देतो, याच गल्ल्यांमध्ये तेव्हा बरेच छापखाने होते. आता शेजारी मोबाइल कव्हरचं दुकान आहे. मी म्हटलं फॉन्ट बदलू, म्हणजे चौदा पॉइंट घेऊ. ते म्हणाले, कशाला, मजकूर बदल. ‘सकाळी ११’ कशाला लिहितोस, रात्री अकराला जेवायला बोलावतं का कुणी? ‘११ वाजता’ लिही.

बदललं. पहिलं प्रूफ काढून बाबांना दाखवायला घरी नेलं. त्यांनी चष्मा लावला, कागद खिडकीकडे धरला, तिरका केला, मग उलटा करून मागून अंगठा फिरवला. काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "‘मंडळी’ ची वेलांटी केसभर वर गेलीय. उरलेल्या बरोबर आहेत."

शनिवारी परत जायचंय, चिकटी लावायला.